डोंगरावर ५६३, किनाऱ्यावर ४०८

रेल्वेचा डबा, डब्याच्या छताला आरसा, आरशावर आपटून खाली येणारा प्रकाशाचा किरण. टाइम डायलेशन, म्हणजे पळत्या घड्याळाची गती मंदावणं, समजावून सांगायला बसलेला प्रत्येक माणूस इथूनच सुरुवात करतो आणि मला त्या डब्याचा आता अगदी वीट आलाय. त्यात चूक काहीच नाही, गणित चोख आहे. पण गणित सुटणं वेगळं आणि गोष्ट गळी उतरणं वेगळं. डब्याने माझं पहिलं काम केलं, दुसरं कधीच केलं नाही.

माझा पेशा स्टॉक ऑडिटचा. बीएस्सी फिजिक्स घेऊन केलं, मग थोडी घरची परिस्थिती आणि थोडा स्वतःचा आळस, एमएस्सीचा नाद सोडला आणि एका सीए फर्ममध्ये चिकटले ती आजतागायत. भोसरी, चाकण, रांजणगाव. गोडाऊनमध्ये जायचं, पुस्तकी साठा किती आणि प्रत्यक्षात माल किती ते मोजायचं, घट निघाली की मालकाला विचारायचं, ही का आली? कारण कितीही सुंदर सांगितलं तरी आकडा जुळला पाहिजे. या सवयीमुळे असेल, पण ‘चालती घड्याळं हळू चालतात’ हे वाक्य मला वर्षानुवर्षं न मोजलेल्या मालासारखं वाटत होतं. पुस्तकात आहे खरं, गोडाऊनमध्ये कोण बघून आलंय?

भाचा आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी जेवायला आला की काहीतरी किडा घेऊन येतो. परवा तो हाच डबा घेऊन आला, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

डबा एकदाचा उरकून टाकू. गाडी प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने पळतेय असं धरा. डब्यातल्या माणसाला किरण जमिनीपासून छतापर्यंत सरळ वर गेलेला दिसतो, समजा ४ एकक. फलाटावरच्या माणसाला तोच किरण तिरका गेलेला दिसतो, कारण किरण वर पोचेपर्यंत छत ३ एकक पुढे सरकलेलं असतं. उभे ४, आडवे ३, कर्ण ५. प्रकाशाचा वेग दोघांनी मोजला तरी तेवढाच भरतो, हे आइन्स्टाइनने १९०५ साली पायाला धरलं. मग फलाटावरच्याचे ५ होतात तेव्हा डब्यातल्याचे ४च झालेले असतात. झालं, इतकंच. परीक्षेत पाचपैकी पाच.

भाच्याची अडचण वेगळी होती आणि ती मला आवडली. तो म्हणाला, “मावशी, हे आरशाचं घड्याळ आहे म्हणून असं होतंय. माझ्या मनगटावरच्या घड्याळात कुठे प्रकाश वर-खाली करतोय? आणि माझी नाडी? तिला आरशाशी काय देणंघेणं?”

याचं उत्तर आहे आणि तेही बिनतोड आहे. बंद डब्यात बसून, बाहेर न डोकावता, आपण एकसारख्या वेगाने चाललोय की उभे आहोत हे कुठल्याही युक्तीने ओळखता येत नाही, हे सापेक्षतेचं पहिलं कलम. आता आरशाचं घड्याळ मंदावलं आणि नाडी मात्र पूर्वीसारखीच धडधडत राहिली, तर डब्यातल्या माणसाला दोन्हींत फरक दिसेल. फरक दिसला की वेग कळला. वेग कळला की कलम मोडलं. म्हणून मंदावायचं तर सगळ्यांनी एकदम मंदावायचं: क्वार्ट्झ, नाडी, भिजवलेलं पीठ आंबणं, सगळं. आणि म्हणूनच डब्यातल्या माणसाला आत काही वेगळं झालेलं जाणवतही नाही.

भाच्याने मान डोलावली. मला ती डोलावणी ओळखीची आहे. ऑडिटच्या क्वेरीला उत्तर मिळालं की नवे आर्टिकल, म्हणजे फर्ममधली शिकाऊ मुलं, अशीच मान डोलावतात. मी म्हटलं, थांब, तुला प्रत्यक्ष मोजणी दाखवते.

या मोजणीच्या गोष्टीची सुरुवात एका मुंबईकराने केलीय, हे मला फार उशिरा कळलं. होमी भाभा हे नाव आपण अणुऊर्जेशी जोडून मोकळे होतो. १९३८ साली ते केंब्रिजमध्ये होते, वय अठ्ठावीस, आणि त्यांचं सगळं लक्ष कॉस्मिक किरणांवर. अवकाशातून येणाऱ्या या किरणांच्या वर्षावात इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर यांना नुकताच सापडला होता. भाभांनी ‘नेचर’मध्ये छोटं टिपण लिहिलं. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: असा जड कण आपोआप फुटत असेल तर तो एक घड्याळच मानता येईल, आणि मग निव्वळ सापेक्षतेच्या हिशोबानेच तो पळत असताना त्याला फुटायला जास्त वेळ लागला पाहिजे. मूळ लेखाचा विषय दुसराच, अणुकेंद्रातली बलं. हे वाक्य त्यात जाता जाता आलंय. पण टाइम डायलेशन उघड्या डोळ्यांनी मोजायचा रस्ता त्या एका वाक्यात आहे. पुढच्या वर्षी ते सुट्टीला भारतात आले, युद्ध सुरू झालं, ते परत गेलेच नाहीत. आधी बंगळूरला, मग १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, हा भाग बहुतेकांना माहीत असतो.

त्या कणाला तेव्हा मेसोट्रॉन म्हणत. आता आपण म्युऑन म्हणतो. कॉस्मिक किरण वरच्या हवेवर आदळले की १०–१५ किलोमीटर उंचीवर हे तयार होतात आणि सतत खाली कोसळत असतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक. तळहात आडवा धरला तर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो.

घड्याळ म्हणून म्युऑन इतका चांगला का, यावर जरा रेंगाळते. एका जागी थांबवलेल्या म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. मग तो फुटतो, त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि सोबत दोन न्यूट्रिनो. ‘सरासरी आयुष्य’ म्हटल्यावर आपल्याला माणसाचं आयुष्य आठवतं आणि तिथेच घोटाळा होतो. म्युऑन म्हातारा होत नाही. आत्ता जन्मलेला म्युऑन आणि दहा मायक्रोसेकंद टिकून राहिलेला म्युऑन शेजारी शेजारी ठेवले, तर पुढच्या क्षणात फुटण्याची शक्यता दोघांची अगदी सारखी. झिजायला त्यात काही नाहीच. स्प्रिंग नाही, सेल नाही, वंगण नाही. त्यामुळे एकटा म्युऑन घड्याळ म्हणून कुचकामी, पण मोठा जमाव घेतला तर तो जमाव ठरल्या गतीने घटतो: दर १.५२ मायक्रोसेकंदांनी निम्मा. किती उरले ते मोजा, किती वेळ गेला ते कळतं. आणि जास्त उरले तर ‘धक्क्याने घड्याळ बिघडलं असेल’ ही पळवाट कोणाला काढता येत नाही, कारण बिघडायला आत काही सुटा भागच नाही.

आता ढोबळ हिशोब. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाश स्वतः साधारण ६६० मीटर जातो. म्युऑन त्याहून थोडा कमीच. मग १५ किलोमीटर वर जन्मलेला म्युऑन तुमच्या तळहातापर्यंत पोचतोच कसा? इथे पुस्तकं उद्गारचिन्ह टाकून पुढे जातात. मी जात नाही. ‘पोचतात म्हणजे टाइम डायलेशन’ हा पुरावा ढिला आहे. वर जन्मले किती, ते आपण मोजलंय का? नाही. आरंभीचा साठाच माहीत नाही तर घट कसली काढता? खरी मोजणी करायची तर वर एकदा आणि खाली एकदा, त्याच मालाची.

ही अडचण ज्यांना नीट कळली त्यांतला एक ब्रूनो रॉसी. इटलीतला ज्यू. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी पाडुआच्या विद्यापीठातली त्याची जागा गेली आणि तो फिरत फिरत अमेरिकेत पोचला. त्याच्यापुढे प्रश्न होता तो कुठल्याही ऑडिटरचा असतो: वरून खाली येताना म्युऑन कमी होतात हे दिसतंय, पण ते वाटेत फुटले म्हणून की हवेने अडवले म्हणून? त्याने १९३९ साली कोलोराडोतल्या माउंट एव्हान्सवर हवेच्या जागी ग्रॅफाइट वापरलं. जितकी हवा वाटेत आहे तितक्याच वजनाचा ग्रॅफाइटचा थर. अडवण्याची ताकद जवळपास तीच, पण जाडी कमी, त्यामुळे तो पार करायला वेळ जवळजवळ लागत नाही. ग्रॅफाइटखाली जितके मिळाले त्यापेक्षा तितक्याच वजनाच्या हवेखाली कमी मिळाले. जादाची घट ही वेळेमुळे आलेली, म्हणजे फुटण्याची. इतकी स्वच्छ विभागणी मला आमच्या क्लायंटकडून एकदाही मिळालेली नाही. तिथे सगळी घट ‘हवेत उडाली’ याच सदरात जाते.

मग १९४० च्या उन्हाळ्यात रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी ३,२४० मीटरवरचा एको लेक आणि १,६१६ मीटरवरचं डेन्व्हर अशा दोन ठिकाणी मोजणी केली. कमी वेगाचे म्युऑन एकीकडे, जास्त वेगाचे दुसरीकडे. कमी वेगवाल्यांची फुटण्याची गती जास्त वेगवाल्यांच्या सुमारे तिप्पट निघाली, सापेक्षतेने सांगितलं होतं त्याच्याशी जुळणारी. निकाल १९४१ ला छापून आला. भाभांच्या वाक्याला तीन वर्षं झाली होती.

पण मला स्वतःला जी मोजणी पटली ती वीसेक वर्षांनंतरची, डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांची. ती मुळात विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून केली होती, तिची फिल्मही काढली, आणि १९६३ साली ती छापून आली. जागा दोन: न्यू हॅम्पशायरमधला माउंट वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्सचं केंब्रिज, जवळजवळ समुद्राच्या पातळीला; दोन्हींच्या उंचीतला फरक १,९०७ मीटर.

यंत्र अगदी साधं. प्लॅस्टिकचा एक ठोकळा, ज्यात विद्युतभारित कण शिरला की प्रकाशाची ठिणगी उडते. त्यावर सुमारे अडीच फूट उंच लोखंडाची रास. हळू म्युऑन लोखंडातच अडकतात. फार वेगवान असतील ते ठोकळ्यातूनही आरपार निघून जातात. नेमक्या एका वेगाच्या पट्ट्यातले, प्रकाशाच्या ९९.५० ते ९९.५४ टक्के वेगाने लोखंडावर येणारे, तेवढेच ठोकळ्यात येऊन थांबतात. थांबताना एक ठिणगी. थोड्या वेळाने म्युऑन फुटतो, इलेक्ट्रॉन सुटतो, दुसरी ठिणगी. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन ठिणग्यांमधलं अंतर रेघेसारखं उमटतं आणि कॅमेरा त्याचे फोटो काढत जातो. ज्याला दुसरी ठिणगी आहे तो म्युऑन. शिवाय प्रत्येक रेघेची लांबी म्हणजे थांबल्यानंतर तो म्युऑन किती टिकला ते. म्हणजे थांबलेल्या म्युऑनची घटण्याची गती त्यांना पुस्तकातून उसनी घ्यावी लागली नाही, त्याच फोटोंतून मिळाली. हे फार महत्त्वाचं. मोजमापाचा काटा क्लायंटचा नको, आपला हवा.

डोंगरावर तासाला सरासरी ५६३ म्युऑन मिळाले, दहाच्या आसपास इकडे-तिकडे.

आता खाली जायच्या आधी अंदाज काढायचा. १,९०७ मीटर, प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने, म्हणजे आपल्या घड्याळाने ६.४ मायक्रोसेकंद. दर १.५२ ला निम्मे. ५६३ चे २८१, त्याचे १४१, त्याचे ७०, त्याचे ३५, आणि उरलेल्या थोड्या वेळात आणखी पाचेक गेले. तासाला तीसच्या आसपास उरायला हवेत. फ्रिश आणि स्मिथ यांनी आपल्या रेघांवरून काढलेला आकडा २७ होता. मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भाच्याला हे भागाकार करायला लावले, कारण स्वतः निम्मं-निम्मं केल्याशिवाय ही घट किती मोठी आहे ते अंगावर येत नाही.

खाली केंब्रिजला मिळाले ४०८.

तीसच्या जागी चारशे आठ. सांख्यिकी चूक नऊ-दहाची. इथे मी माझ्या सगळ्या सवयीच्या क्वेरी काढून बघितल्या. खाली वेगळेच म्युऑन मोजले गेले असतील? म्हणून तर त्यांनी खाली लोखंडाची रास कमी केली होती. वाटेतल्या हवेत म्युऑनचा जो वेग कमी होतो तेवढ्याची वजावट करून, वर मोजलेलाच गट खाली मोजला जाईल अशी. खालच्या दोन किलोमीटर हवेत नवा माल आला असेल? बहुतेक म्युऑन खूप वरच तयार होतात, इतका फरक त्याने पडत नाही. आणि हवेने अडवले असते तर आकडा तीसच्या खाली गेला असता, वर नाही. सगळ्या शंका एक तर मिटतात किंवा उलट्या दिशेला जातात.

मग उलटा हिशोब. ५६३ चे ४०८ व्हायला थांबलेल्या म्युऑनना किती वेळ लागतो? साधारण ०.७ मायक्रोसेकंद. आपल्या घड्याळाचे ६.४ गेले तेव्हा म्युऑनच्या घड्याळाचे ०.७ गेले. त्यांनी काढलेलं गुणोत्तर ८.८, अधिक-उणे ०.८. वाटेत वेग थोडा थोडा कमी होत जातो हे धरून सूत्राने आलेलं ८.४. डब्यातल्या ५ आणि ४ चाच हा प्रकार, फक्त त्रिकोण फार चपटा.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने जो प्रश्न विचारला तिथपर्यंत पुस्तकातले बरेच लेखक पोचत नाहीत. “म्युऑनच्या बाजूने बघितलं तर तो स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याकडे धावत येतेय. मग त्याच्या मते आपलीच घड्याळं हळू चालली पाहिजेत ना? दोघंही एकमेकांना हळू म्हणणार, मग खोटं कोण?”

कोणीच नाही. माझ्या कॅशबुकात बँकेतली शिल्लक नावे असते, बँकेच्या पासबुकात तीच शिल्लक जमा असते. दोन वह्या एकमेकींच्या बरोबर उलट बोलतात आणि दोन्ही खऱ्या असतात. कोणाची वही धरायची हे आधी ठरवायचं, दोन्हीतल्या नोंदी मिसळायच्या नाहीत, आणि मग बँक जुळवणी पत्रक करून दोन्हीकडून एकाच आकड्यावर यायचं. म्युऑनचंही जुळवणी पत्रक करता येतं, आणि ते केल्याशिवाय या विषयाला हात लावला असं मी म्हणणार नाही.

आपली वही: डोंगरावरची जागा किनाऱ्यापेक्षा १,९०७ मीटर उंच. सोयीसाठी सरासरी वेग धरू, गुणोत्तर ८.८ येईल असा. वाटेला लागलेला वेळ ६.४० मायक्रोसेकंद. म्युऑनचं घड्याळ ८.८ पट हळू, म्हणून त्याचे ०.७३ गेले.

म्युऑनची वही: मी जागचा हललेलो नाही. डोंगर माझ्या अंगावरून वर सरकत गेला आणि तो १,९०७ मीटरचा नाहीच, ८.८ पट आखूड, २१७ मीटरचा आहे. तेवढा सरकून जायला ०.७३ मायक्रोसेकंद. आकडा जुळला. ५६३ चे ४०८ हे दोघांनाही मान्य.

पण भाच्याची शंका अजून बाकी आहे. म्युऑनच्या वहीत पृथ्वीची घड्याळं ८.८ पट हळू चालतात. मग त्याच्या ०.७३ मध्ये पृथ्वीवरच्या घड्याळाने फक्त ०.०८ मायक्रोसेकंद दाखवायला हवेत. आणि म्युऑन किनाऱ्याला पोचला तेव्हा तिथलं घड्याळ तर ६.४० दाखवतंय. ही ६.३२ ची तफावत कुठून आली?

आपण घड्याळं किती वापरली ते मोजा. दोन. एक डोंगरावर, एक किनाऱ्याला. ती दोन्ही एकाच क्षणी शून्यावर लावली, असं आपण म्हणतो. म्युऑन म्हणतो, छे, एकाच क्षणी नाही. त्याच्या हिशोबात डोंगरावरचं घड्याळ शून्य दाखवत होतं त्या क्षणी किनाऱ्यावरचं घड्याळ आधीच पुढे होतं. किती पुढे, त्याचंही सूत्र आहे: उंचीला वेगाने गुणायचं आणि प्रकाशवेगाच्या वर्गाने भागायचं. करून बघा, ६.३२ मायक्रोसेकंद येतात. आरंभीची शिल्लक ६.३२, चालू व्यवहार ०.०८, अखेरची शिल्लक ६.४०. पै-पैचा ताळा.

भाच्याने हे तीन वेळा स्वतः मांडून बघितलं. दोघांत बिनसतं ते घड्याळाच्या गतीवरून नाही, ‘एकाच क्षणी’ या शब्दांवरून. मला विचाराल तर टाइम डायलेशन शिकवताना ही ६.३२ ची नोंद गाळणं म्हणजे आरंभीची शिल्लक न घेता ताळेबंद काढणं. नंतर जुळ्या भावांचा (एक वेगाने फिरून परत येतो आणि घरी थांबलेल्यापेक्षा तरुण निघतो, ते कोडं) घोळ होतो तो बहुतेक याच गाळलेल्या नोंदीमुळे.

जुळे भाऊ निघालेच आहेत तर त्यांचंही एकदाचं मिटवू. दोन वेगळ्या ठिकाणच्या घड्याळांची भानगड नको असेल तर म्युऑनला फिरवून पुन्हा त्याच जागी आणायचं. जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात हेच केलं. १४ मीटर व्यासाचं कडं, त्यात चुंबकांनी गोल गोल फिरवलेले म्युऑन, वेग प्रकाशाच्या ९९.९४ टक्के, गुणोत्तर २९.३. थांबलेल्या म्युऑनच्या २.२ मायक्रोसेकंदांत या कड्याच्या पंधरा फेऱ्या होतात. प्रत्यक्षात सरासरी आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद मिळालं, म्हणजे सव्वाचारशेहून जास्त फेऱ्या. १९७७ साली छापलेले हे आकडे सूत्राशी हजारात एक-दोन इतक्या बारकाईने जुळतात. इथे ‘दोघंही सारखेच’ म्हणायला जागा नाही. म्युऑन सतत वळतोय, प्रयोगशाळा वळत नाही. आणि वळताना त्याच्यावर येणारं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या दहावर सतरा शून्य इतक्या पट, तरी त्याने आयुष्यात वेगळी भर पडत नाही. सगळा फरक वेगाचाच.

‘कण झाले, खऱ्या घड्याळाचं काय?’ असं कोणी विचारलंच तर १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग या दोघांनी चार सीझियमची अणुघड्याळं नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली होती. पूर्वेकडून फिरून आलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडून आलेली २७३ पुढे गेली. अंदाज होते ४० मागे आणि २७५ पुढे. पूर्व-पश्चिम फरक का? पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा वेग तिच्या वेगात मिळतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो. शिवाय उंचीमुळे घड्याळं थोडी जलद चालतात, तो गुरुत्वाकर्षणाचा वेगळा हिशोब.

तो हिशोब आमच्या कामातही शिरलाय. हल्ली गोडाऊनमध्ये मालाचा फोटो काढला की खाली अक्षांश-रेखांशाचा शिक्का लागतो, ऑडिटर खरंच जागेवर गेला होता याचा पुरावा म्हणून. तो शिक्का येतो जीपीएसच्या उपग्रहांकडून. उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने पळतात, त्या वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वीस हजार किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ती दिवसाला ४५ पुढे जातात. निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो, म्हणजे ही तरतूद केली नाही तर भोसरीतल्या गोडाऊनचं काय होईल ते बघा. म्हणून घड्याळं वर पाठवतानाच मुद्दाम हळू लावतात: १०.२३ मेगाहर्ट्‌झच्या जागी १०.२२९९९९९९५४३.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७७ च्या एनटीएस-२ या चाचणी उपग्रहाची. सापेक्षतेची सुधारणा खरंच लागेल की नाही याबद्दल तेव्हा काही जणांना खात्री नव्हती. म्हणून ती चालू-बंद करण्याची सोय ठेवली, आणि घड्याळ आधी वीसेक दिवस सुधारणेविनाच चालवलं. एक लाख कोटी भागांत ४४२.५ भाग पुढे निघालं. सूत्राचा आकडा होता ४४६.५. मोजलं, जुळलं, मग बटण दाबलं. याला म्हणतात ऑडिट.

यातले वेगाचे ७ मायक्रोसेकंद भाच्याला आता डब्याशिवाय काढता येतात. गुरुत्वाकर्षणाचे ४५ कुठून येतात हे त्याने पुढच्या रविवारसाठी ठेवलंय. मला वर्षअखेरीची कामं आहेत, त्यामुळे ती पोस्ट एप्रिलनंतरच. तोवर ज्यांना ६.३२ ची नोंद स्वतः काढून बघायची असेल त्यांनी कमेंटमध्ये आकडे टाका, मी तपासून देईन.